नायट्रो मोटारीचे इंजिन आणि आपला पावसाळा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मृग लागायला आता जेमतेम दोन आठवडे उरले आहेत. घोडबंदर रोडच्या आसपास आणि खारघर, उलवे भागातल्या मोकळ्या भूखंडांवर रविवारी सकाळी ज्या हातभर लांबीच्या, रिमोटवर चालणाऱ्या नायट्रो मोटारी कानठळ्या बसवीत धावताना दिसतात, त्या येत्या पंधरवड्यात घरोघरी माळ्यावर चढतील आणि दसऱ्याच्या सुमारास खाली उतरतील. त्यांतल्या बऱ्याच मोटारींचे इंजिन तेव्हा फिरणार नाही. मग दोष इंजिन बनवणाऱ्याला दिला जाईल, इंधनाला दिला जाईल, कोणीतरी ‘जाम झालंय, आता नवीनच घ्या’ असे सांगेल आणि धड स्थितीतले पिस्टन, लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) आणि क्रँकशाफ्ट भंगारात जातील. हे टाळायला खेळ संपल्यावरची दहा मिनिटे आणि सात-आठ थेंब तेल पुरते, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे. कात्री लावायची झाल्यास माझ्या ओळखीला लावावी, तेलाच्या भागाला लावू नये.

ओळख थोडक्यात अशी की, मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षे काम करून निवृत्त झालो. मोटार नातवाची आहे, मी फक्त तिचा फिटर आहे.

ज्यांनी ही मोटार जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढे सांगायला हवे की, मी बॅटरीवर चालणाऱ्या मोटारींबद्दल लिहीत नाही. नायट्रो मोटारीत खरेखुरे टू-स्ट्रोक इंजिन असते, फक्त ते तळहातावर मावते. त्याचा आकार ‘१२’, ‘१८’, ‘२१’ अशा आकड्यांनी सांगतात आणि हे आकडे घन इंचाचे शतांश असतात, म्हणजे ‘१२’चे इंजिन साधारण २ सीसीचे आणि ‘२१’चे साडेतीन सीसीचे. एवढासा जीव मिनिटाला तीस हजारांहून अधिक फेरे घेऊ शकतो. त्यात स्कूटरसारखा ठिणगी पाडणारा प्लग नसतो. रे आर्डेन या अमेरिकी गृहस्थांनी १९४७ साली बाजारात आणलेला ग्लो प्लग असतो, ज्याच्या आत प्लॅटिनमच्या मिश्रधातूची केसासारखी तार गुंडाळलेली असते. सुरू करताना ती तार दीड व्होल्टच्या सेलने लाल करायची. एकदा इंजिन धरले की सेल काढून घेतला तरी चालतो, कारण मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तार आपली आपणच तापलेली राहते.

खरी गोम इंधनात आहे. यात पेट्रोल नसते. बहुतांश मिथेनॉल, त्यात साधारण दहा ते तीस टक्के नायट्रोमिथेन आणि उरलेले तेल, एरंडेल किंवा कृत्रिम, असे ते मिश्रण असते. इंजिनाला तेलाची वेगळी टाकी किंवा चेंबर नाही. इंधनातून जे तेल आत जाते तेवढ्यावरच पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि दोन्ही बेअरिंगे चालतात. मिथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, आणि जळते तेव्हाही पाणीच बनवते. एक ग्रॅम मिथेनॉल पूर्ण जळाले तर एक ग्रॅमपेक्षा जास्त पाणी तयार होते, हे मला नातवाच्या अकरावीच्या पुस्तकातले समीकरण मांडून पाहिल्यावर कळले आणि तोवर इतकी वर्षे यंत्रांत घालवूनही लक्षात आले नव्हते याची थोडी लाज वाटली. इंजिन तापलेले असते तोवर हे पाणी वाफ होऊन साइलेन्सरमधून निघून जाते. इंजिन बंद झाले की आत राहिलेली वाफ थंड होते आणि क्रँककेसच्या भिंतींवर, बेअरिंगच्या छऱ्यांवर तिचे दव जमते. नायट्रोमिथेन जळताना नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात, ती या दवात मिसळली की आम्ल तयार होते. तेलाचा पातळ थर असतो, पण तोही याच घाणीत कालवलेला. एवढे सगळे कोरड्या गावातही घडते. आपल्याकडे तर एका बाजूला खाडी आहे आणि जून ते सप्टेंबर भिंतीवरचे कॅलेंडरसुद्धा पोपडे धरते.

आमच्या घरी पहिल्या वर्षी काय झाले ते सांगतो. नातवाने ती मोटार एका मुलाकडून वापरलेली विकत घेतली होती. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती भरपूर पळवली, ओल्या फडक्याने पुसली आणि खोक्यात घालून माळ्यावर टाकली. आमच्याकडे कारखान्यातल्या सवयीमुळे खंडेनवमीला व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने, फाइली अशी सगळी हत्यारे पाटावर मांडून पूजा होते. त्या वर्षी त्याने मोटारही आणून ठेवली. हळद-कुंकू झाले, झेंडूचे फूल वाहिले आणि सुरू करून पाहावी म्हणून त्याने स्टार्टरची दोरी ओढली. दोरी हलली नाही. पोरगे ते! पाय लावून ओढली तेव्हा ती तुटून त्याच्या हातात आली. दुसऱ्या दिवशी तो मोटार घेऊन दुकानात गेला, तिथे इंजिन उघडून न पाहताच ‘गेलेलं आहे’ असे सांगण्यात आले आणि नव्या इंजिनाचा भाव सांगण्यात आला.

मी ते घरी उघडले. पिस्टन लायनरच्या अगदी टोकाला अडकून बसला होता. त्याबद्दल पुढे लिहितो. क्रँकशाफ्टला धरून क्रँककेसमध्ये दोन बेअरिंगे असतात, त्यांतले मागचे मोठे बेअरिंग थेट इंधनाच्या वाटेत असते. क्रँककेस हीट गनने तापवून लाकडी ठोकळ्यावर हलकेच आपटली की हे बेअरिंग आपोआप सुटून पडते, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. ते काढून, धुऊन, पांढऱ्या कागदावर ठेवून दहापट भिंगाखाली पाहिले. सगळे बेअरिंग सारखे गंजलेले नव्हते. बाहेरच्या रेसवर, म्हणजे छरे ज्यावरून फिरतात त्या कड्यावर, तपकिरी काळसर ठिपके होते, खसखशीच्या दाण्याएवढे, आणि ते मोजून सारख्या अंतरावर होते. ते अंतर म्हणजे दोन छऱ्यांमधले अंतर होते. चार महिने ज्या जागी प्रत्येक छर्रा रेसला टेकून उभा होता, तिथेच त्या बारीकशा फटीत पाणी धरून राहिले आणि तिथेच धातू खाल्ला गेला. बाकीची रेस आरशासारखी स्वच्छ होती. बोटावर बेअरिंग फिरवले की प्रत्येक ठिपक्यावरून छर्रा जाताना नखाला टिचकी मारल्यासारखे जाणवत होते. तीस हजार फेऱ्यांना ही टिचकी काय करील ते सांगायला नको: आधी आवाज, मग छरे जागच्या जागी धरणारा पिंजरा तुटणे, आणि मग त्या पिंजऱ्याचे तुकडे पिस्टन आणि लायनरच्या मध्ये.

पुष्कळांना वाटते की बेअरिंग म्हणजे चकचकीत पोलाद, त्याला गंज कसला. टूलरूममधल्या कोणत्याही माणसाला विचारा. बेअरिंगचे नेहमीचे पोलाद म्हणजे आपण ज्याला एन-३१ म्हणतो त्या जातीचे, साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियमचे. स्टेनलेस म्हणवून घ्यायला किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागते. एन-३१चा तुकडा घाम आलेल्या हाताने धरून रात्रभर टेबलावर ठेवला तर सकाळी त्यावर बोटांचे ठसे तांबूस उमटलेले दिसतात. जुलैत आम्ही गेजेस तेलकट कागदात गुंडाळून ठेवायचो ते उगाच नव्हे.

आता पिस्टनचे. या इंजिनांत पिस्टनला रिंग नसते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर पितळेचा आणि आतून क्रोमचा मुलामा दिलेला, अशी ही जोडी असते. लायनर सरळ नळी नसतो, वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो. इंजिन गार असताना पिस्टन वर आला की तिथे घट्ट बसतो, आणि हाताने फ्लायव्हील फिरवताना ते स्पष्ट जाणवते. इंजिन तापले की लायनरचे ते टोक फुगते आणि पिस्टनला जेवढी हवी तेवढीच जागा मिळते. कॉम्प्रेशन मिळते ते याच घट्टपणातून, आणि इंजिनाचे आयुष्य मोजायचे तेही यावरूनच. आता असे समजा की इंजिन बंद झाले तेव्हा पिस्टन नेमका वर, टीडीसीला थांबला. लायनर गार होत आखडत जातो आणि पिस्टनला वरून आवळतो. दुसऱ्या दिवशी जोर लावून तो सुटला तरी दर वेळी या आवळण्याने आणि सोडवण्याने तो घट्टपणा थोडा थोडा झिजतो. पावसाळाभर तसाच राहिला आणि त्यात एरंडेलाचा राळेसारखा थर वाळला, तर आमच्यासारखी दोरी हातात येते.

उपाय इतका साधा आहे की तो कोणी सांगत नाही. इंजिन बंद झाले की ते कोमट असतानाच फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन खाली, बीडीसीला आणून ठेवायचा. तो खाली आला हे बाहेरून कसे कळणार, तर एकदाच प्लग काढून, त्या भोकातून कान साफ करायची प्लास्टिकची काडी हलकेच टेकवून, काडी सर्वांत खाली जाते ती जागा शोधायची आणि फ्लायव्हीलवर आणि त्याच्यासमोर चेसिसवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्यायचा. आमच्या मोटारीवर तो सुनेच्या नेलपॉलिशचा गुलाबी आहे. दर वेळी दोन ठिपके समोरासमोर आणले की काम झाले.

आणि पिस्टन अडकलाच असेल तर पाना घालून फ्लायव्हीलला हिसके देऊ नयेत, इलेक्ट्रिक स्टार्टर तर मुळीच लावू नये, कारण पिस्टन हलत नाही तेव्हा सगळा जोर बिचाऱ्या कनेक्टिंग रॉडवर येतो. प्लग काढावा, भोकातून पातळ तेलाचे चार थेंब सोडून रात्रभर राहू द्यावे आणि सकाळी केस वाळवायच्या ड्रायरने सिलिंडरचे डोके हाताला चटका बसेल इतके तापवून फ्लायव्हील कापडात धरून मागे-पुढे हलवावे. आमचा पिस्टन असाच सुटला. नवे बेअरिंग आणि नवी दोरी एवढ्यावर ते इंजिन आजही चालू आहे.

खेळ संपतो तेव्हाच्या दहा मिनिटांत मी जे करतो ते असे. टाकीतले शेवटचे थोडे इंधन उरले की मोटार जवळ बोलावून आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न ओढता, उभी करतो आणि इंधनाची नळी चिमटीत धरतो. कार्ब्युरेटरमध्ये आणि क्रँककेसमध्ये उरलेले इंधन जळते आणि इंजिन आपले आपण बंद पडते. हे फक्त आयडलवरच करायचे. थ्रॉटल ओढून, भरधाव वेगात टाकी कोरडी होऊ देणारे महाभाग मी पाहिले आहेत. इंधन कमी पडले की त्याच्याबरोबर तेलही कमी पडते आणि उष्णता वाढते, म्हणजे वाचवायला निघालो तेच जाळतो. नंतर टाकीतले इंधन बाटलीने ओढून घ्यायचे आणि ते चांगल्या डब्यात परत ओतायचे नाही, कारण त्यात धूळ आलेली असते. मग प्लगवर इग्नायटर (तार लाल करणारा तोच सेल) लावून दोरी दोन-चार वेळा ओढायची. आत काही राहिले असेल तर एखादा फुसका आवाज होतो आणि तेही जाते.

एवढे झाले की इंजिन अजून गरम असते, आणि तेल घालायची वेळ हीच. एअर फिल्टरच्या आजूबाजूची धूळ आधी ब्रशने झटकावी, मगच फिल्टर काढावा, नाहीतर आपण गंजाच्या भीतीने मातीच आत घालू. थ्रॉटल पूर्ण उघडून कार्ब्युरेटरच्या तोंडात तीन-चार थेंब, प्लग काढून वरच्या भोकात तीन-चार थेंब, भोकावर चिंधी धरून दोरी सात-आठ वेळा ओढायची म्हणजे तेल दोन्ही बेअरिंगांपर्यंत पोचते. चिंधी धरल्याशिवाय ओढू नये. तेल सरळ डोळ्यात उडते, आणि मला चष्मा आहे म्हणून मी हे हसत लिहू शकतो. प्लग परत घालताना आधी बोटाने बसवावा, तांब्याचा वॉशर विसरू नये, मग पान्याने जेमतेम आवळावा. शेवटी ठिपके जुळवून पिस्टन खाली.

आता कोणते तेल, यावर वाद घालणारे वाद घालतात. यासाठीच बनवलेले ‘आफ्टर-रन ऑइल’ मिळते आणि ज्यांना परवडते त्यांनी ते जरूर घ्यावे. माझे स्वतःचे मत असे की कारखान्यात हवेवर चालणाऱ्या ग्राइंडर आणि स्क्रू ड्रायव्हरच्या होजमध्ये जे न्यूमॅटिक टूल ऑइल घालतात ते या कामाला उत्तम आहे, कारण ते मुळात काँप्रेसरच्या ओल्या हवेत पोलाद गंजू नये म्हणूनच बनवलेले असते. स्टेशन रोडच्या किंवा वागळे इस्टेटच्या हार्डवेअरवाल्याकडे मागितले तर तो तुमच्याकडे वेड्यासारखे पाहणार नाही. गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेलही चालते. शिवणयंत्राचे तेल आठवड्याभराच्या खाड्याला पुरते, चार महिन्यांना नाही. डब्ल्यूडी-४० बद्दल गैरसमज फार आहे. १९५३ साली ते बनवले तेच पाणी हटवण्यासाठी, नावातली अक्षरेही त्याचीच आहेत, आणि पाणी हटवण्याचे काम ते चांगले करते. पण त्यातला बराच भाग उडून जातो आणि मागे उरणारा थर आपल्या पावसाळ्यापुढे अगदी तुटपुंजा असतो. आधी ते मारून मग तेल घालणार असाल तर हरकत नाही. खोबरेल तेल एका शेजाऱ्याने सुचवले होते; ते जानेवारीत थिजते, नंतर खवट होते, आणि त्याची जागा डोक्यावर आहे. एरंडेल धावत्या इंजिनात सोन्यासारखे, पण पडून राहिले की वाळून चिकट होते, म्हणून साठवणीसाठी ते नको. कोणतेही खनिज तेल वापरले तरी साइलेन्सरच्या सिलिकॉन जोडावर आणि इंधनाच्या सिलिकॉन नळीवर सांडू देऊ नये, सिलिकॉन त्यात फुगते.

एकाच सकाळी दोन-तीन टाक्या पळवायच्या असतील तर प्रत्येक टाकीनंतर हे सगळे करण्याची गरज नाही. अर्ध्या तासात परत सुरू करणारच आहात, तर पिस्टन खाली आणावा, टाकीचे झाकण लावलेले असावे आणि मोटार आडवी-तिडवी कलंडू देऊ नये, नाहीतर टाकीतले इंधन वाहत जाऊन क्रँककेस भरते. वडापावसाठी थांबून तासभर गप्पा रंगणार असतील तर टाकी रिकामी करून ठेवावी. इंजिनाच्या तापलेल्या डोक्यावर बाटलीतले पाणी ओतणारी मुले मी पाहिली आहेत. मोटार फार तापली की फुंकर मारा, सावलीत ठेवा, पण पाणी ओतू नका.

साठवणीचे म्हणाल तर आपल्याकडच्या घरांत घोळ असा आहे की माळा बहुधा न्हाणीघराच्या वर असतो. खाली गिझर चालू, वाफ वर, आणि वर खोक्यात मोटार. माळ्याऐवजी ती कपाटात, कपड्यांच्या वरच्या फळीवर ठेवावी. इंजिन पूर्ण गार झाल्यावर कार्ब्युरेटरच्या आणि साइलेन्सरच्या तोंडाला स्वच्छ चिंधीचा बोळा घालावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह ठेवावे. चपला-बुटांच्या खोक्यातून येणाऱ्या पुड्या चालतात, पण त्या वर्षानुवर्षे घरात पडून ओल पिऊन बसलेल्या नसाव्यात. इंजिन कोमट असताना प्लास्टिकच्या पिशवीत बंद करणे हे मात्र वाईटच, त्यात ओल कोंडून राहते. आणि चार महिने हात न लावता ठेवू नये. मी नातवाला महिने सांगितले तर तो विसरतो, म्हणून नागपंचमी, गणपती आणि घट बसण्याचा दिवस असे तीन दिवस ठरवून दिले आहेत. त्या दिवशी प्लग काढून दोन थेंब तेल, फ्लायव्हीलचे दोन-चार फेरे आणि पिस्टन पुन्हा खाली. छरे रेसवरच्या जुन्या जागा सोडून नव्या जागी टेकतात, हा त्यातला खरा फायदा, आणि भिंगाखालचे ते ठिपके पाहिल्यापासून मी तो चुकवत नाही.

इंधनाबद्दल एक गोष्ट या ओघात सांगितलीच पाहिजे, कारण ती इंजिनापेक्षा महत्त्वाची आहे. २०१५च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती याच मिथेनॉलने. उरलेले इंधन पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय मुलांना असते आणि ती आई-वडिलांना माहीतही नसते. ते मूळच्या डब्यातच, वर ठळक ‘विष’ लिहून, कुलपात असले पाहिजे. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, म्हणून स्वयंपाकघरात किंवा देवघरातल्या समईजवळ त्याचा डबा उघडू नये. आणि अर्धा रिकामा, सैल झाकणाचा डबा पावसाळाभर ठेवून दसऱ्याला तेच इंधन वापरू नये. त्याने मधल्या काळात इतकी ओल पिलेली असते की इंजिन धड चालत नाही, कार्ब्युरेटरची इंधन कमी-जास्त करणारी सुई फिरवून फिरवून माणूस कंटाळतो आणि परत इंजिनाला नावे ठेवतो. पावसाळ्याआधी पुरेल तेवढेच आणावे.

दुकानदारांना एक विनंती आहे. इंजिनाच्या खोक्यात जपानी आणि इंग्रजी माहितीपत्रक असते आणि त्यात शेवटी बारीक अक्षरांत साठवणीच्या दोन ओळी असतात. ज्या ठाणे-नवी मुंबईत ही मोटार विकली जाते, तिथल्या हवेसाठी त्या दोन ओळी पुरेशा नाहीत. विकताना पाव पानाचे मराठी पत्रक आणि तेलाची लहान बाटली सोबत दिली तर दुकानदाराचे फारसे काही जाणार नाही. नवे इंजिन विकण्याची एक संधी जाईल हे खरे, पण ज्या पोराचे पहिलेच इंजिन पहिल्याच पावसाळ्यात जाम होते ते दुसरे घेतच नाही, बॅटरीवाली मोटार घेते, हेही मी पाहिले आहे.

शेवटची सूचना दसऱ्यासाठी. डबा खाली काढल्यावर लगेच दोरी ओढू नये. चिंधीचे बोळे काढावेत, ते आत राहून गेल्याचे प्रकार झालेले आहेत. मग प्लग काढावा, भोकावर फडके धरून दोरी दहा-बारा वेळा ओढून आतले तेल बाहेर काढावे. तेल दाबले जात नाही. सिलिंडर तेलाने भरलेला असताना जोराने फिरवला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि चार महिने सांभाळलेले इंजिन एका ओढीत जाते. जुना प्लग उजेडात धरून तार मोडलेली नाही ना ते पाहावे, इग्नायटर लावून ती लाल होते का ते पाहावे. एअर फिल्टर धुऊन, वाळवून, फिल्टर तेल लावलेला असावा. ताजे इंधन भरावे. पहिल्या मिनिटाला साइलेन्सरमधून दाट पांढरा धूर येईल, तो उरलेल्या तेलाचा असतो, त्याला घाबरून सुईला हात लावू नये. तो धूर पातळ झाला की मगच मोटार मैदानात सोडावी.

कळावे,

आपला,
एक वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)